मताला पावती का नसते?

विजेचे बिल घरबसल्या भरता येते. सातबाऱ्याच्या ज्या उताऱ्यासाठी एके काळी तलाठ्याकडे चार चकरा माराव्या लागत, तो आता डिजिटल सहीसकट घरच्या प्रिंटरवर निघतो. पैसे तर फोनवरून येतात आणि जातात. मग मत तेवढे शाळेच्या खोलीबाहेर रांगेत उभे राहूनच का द्यायचे? नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न हमखास येतो. पुष्कळदा त्याचे उत्तर "आपल्याकडे अजून तेवढी सोय नाही" असे दिले जाते. हे उत्तर बरोबर नाही. ज्या देशांकडे सोय होती, पैसा होता आणि उत्तम संगणकतज्ज्ञही होते, त्यांतल्या कित्येकांनी हा प्रयोग करून पाहिला आणि सोडून दिला. एका लहानशा देशाने मात्र तो वीस वर्षे नेटाने चालवला आहे.

अडचण यंत्रांत नसून मतामध्येच आहे, हे आधी पाहू. सातबाऱ्यावर क्षेत्र चुकीचे पडले, तर शेतकऱ्याला ते दिसते. तो अर्ज करतो, जुने कागद दाखवतो आणि चूक दुरुस्त होते. बँकेच्या खात्यातून न काढलेले पैसे गेले, तर खातेदार पासबुक घेऊन भांडायला जाऊ शकतो. अशा प्रत्येक व्यवहारात नाव, वेळ, रक्कम यांची नोंद असते. नोंद असते म्हणून चूक सापडते आणि सापडली की निस्तरता येते. मताच्या बाबतीत मात्र आपण दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम मागतो. माझे मत मी दिले तसेच मोजले गेले, याची खात्री मला हवी असते. आणि मी कोणाला मत दिले हे कोणालाही कळता कामा नये. इतकेच नव्हे, तर मी स्वतः ठरवले तरी ते दुसऱ्याला सिद्ध करून दाखवता येऊ नये. पावती हाती आली की ती सावकाराला, मालकाला किंवा गल्लीतल्या दादाला दाखवता येते. आणि जी दाखवता येते, ती विकताही येते.

ही गुप्तता लोकशाहीबरोबर जन्माला आली नाही. ती बरीच उशिरा आली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात बराच काळ मतदार चारचौघांत उभा राहून उमेदवाराचे नाव उच्चारत असे आणि कारकून ते वहीत लिहून घेई. कोणी कोणाला मत दिले याच्या याद्या छापून विकल्याही जात. कुळाने कोणाला मत दिले हे जमीनदाराला घरबसल्या वाचायला मिळे. सरकारने छापलेली मतपत्रिका आणि ती भरायला आडोसा ही पद्धत १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सुरू झाली. ब्रिटनने ती १८७२ च्या कायद्याने स्वीकारली. त्या कायद्याखालची पहिली निवडणूक म्हणजे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाँटेफ्रॅक्ट या गावी झालेली पोटनिवडणूक. ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी हे गाव प्रसिद्ध होते. मतपेटीवर लाखेचे सील करायला जो शिक्का वापरला, तो तिथल्या वड्यांच्या कारखान्यातलाच होता. ही पेटी अजून जपून ठेवलेली आहे.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर चिन्ह लावले. मतदाराने कागदावर खूण करायची नाही, नुसता तो कागद पसंतीच्या पेटीत टाकायचा. या पोलादी पेट्यांपैकी लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. युक्ती नामी होती. पण कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणायचा आणि विकायचा, अशी एक वाट तिच्यात राहून गेली होती. पुढे मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि त्या पेट्या गेल्या.

ज्यांनी निवडणुकीच्या कामावर केंद्राध्यक्ष म्हणून रात्र काढली आहे, त्या शिक्षकांना पुढची गोष्ट वेगळी सांगायला नको. मतदान केंद्रावर जे काही चालते, ते सगळे पाहता येण्यासारखे असते. सकाळी यंत्र किंवा पेटी रिकामी असल्याचे सर्व प्रतिनिधींना दाखवायचे. सीलवर त्यांच्या सह्या घ्यायच्या. मतदाराचे नाव मोठ्याने वाचायचे, बोटाला शाई लावायची. जिथे नाव आहे तिथे सगळे उजेडात आणि जिथे मत आहे तिथे मात्र पुठ्ठ्याचा आडोसा. ही फार हुशार रचना आहे आणि ती समजायला गणित लागत नाही. इंटरनेटवर मतदान न्यायचे म्हणजे हा उजेड आणि हा आडोसा, दोन्ही तारेवरून न्यायचे.

एस्टोनिया हा बाल्टिक समुद्राकाठचा देश. त्याची लोकसंख्या सुमारे तेरा लाख, म्हणजे आपल्या एखाद्या छोट्या जिल्ह्याएवढी. २० ऑगस्ट १९९१ रोजी सोव्हिएत संघातून तो पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्याकडे पैसा जवळजवळ नव्हता. मात्र सोव्हिएत काळापासून टॅलिनमध्ये सायबरनेटिक्सची एक चांगली संस्था होती आणि तिथे तयार झालेली माणसे होती. १९९६ साली 'वाघाची झेप' अशा अर्थाच्या नावाची योजना सुरू झाली. देशातल्या सर्व शाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवायचे, ही ती योजना. तिच्या कर्त्यांपैकी याक आविक्सू हे तेव्हा शिक्षणमंत्री होते आणि मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. दुसरे टोमास हेंड्रिक इल्वेस अमेरिकेत राजदूत होते, ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. सरकारी कारभार संगणकावर नेण्याची सुरुवात या देशाने शाळेपासून केली, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२००० साली डिजिटल सहीला हाताच्या सहीइतकेच मोल देणारा कायदा झाला. त्याच वर्षी प्राप्तिकराचे विवरण इंटरनेटवरून भरता येऊ लागले. २००१ च्या अखेरीस 'एक्स-रोड' नावाची यंत्रणा सुरू झाली आणि २००२ पासून नागरिकांना चिप असलेली ओळखपत्रे मिळू लागली. एक्स-रोडची कल्पना सोपी आहे. सगळ्या देशाची माहिती एका प्रचंड कोठारात साठवायची नाही. जमिनीची नोंद जमीन खात्यात, वाहनाची परिवहन खात्यात आणि आजाराची दवाखान्यात राहील. एका खात्याला दुसऱ्याकडून काही हवे असेल, तर ते या रस्त्यावरून मागेल, आणि प्रत्येक मागणीवर मागणाऱ्याची सही आणि वेळ यांची नोंद पडेल. पुष्कळ नोंदींच्या बाबतीत नागरिक स्वतः संगणकावर पाहू शकतो की आपली माहिती कोणी, केव्हा उघडली. एखाद्या कर्मचाऱ्याने नुसत्या कुतूहलापोटी शेजाऱ्याची नोंद उघडली, तर तो सापडू शकतो. मला स्वतःला या देशाच्या सगळ्या कामांत ही सोय सर्वांत मोलाची वाटते. आपल्याकडे सेवा संगणकावर नेताना नागरिकाकडे पाहण्याची यंत्रणा पुष्कळ उभी राहते, पण नागरिकाने कचेरीकडे पाहावे अशी खिडकी क्वचितच ठेवली जाते.

आता मताकडे येऊ. सेवांच्या बाबतीत एस्टोनियाचे यश उभे आहे ते नोंदीवर. कोणी काय केले हे कायम कळत राहील, या हमीवर. मतदानात नेमकी तीच हमी नको असते. मग त्यांनी काय केले? त्यांनी टपाली मतदानाची जुनी युक्ती उचलली. टपाली मतदानात दोन पाकिटे असतात. आतल्या कोऱ्या पाकिटात मत आणि बाहेरच्या पाकिटावर मतदाराचे नाव व सही. मतमोजणीच्या वेळी बाहेरचे पाकीट पाहून मतदार खरा असल्याची खात्री करायची, आतली पाकिटे काढून एकत्र मिसळायची आणि मगच उघडायची. एस्टोनियात मत आधी निवडणूक समितीच्या जाहीर किल्लीने कुलूपबंद होते. हे आतले पाकीट. त्यावर मतदार ओळखपत्रातल्या चिपच्या साहाय्याने डिजिटल सही करतो. हे बाहेरचे. मोजणीच्या वेळी सह्या काढून टाकतात. २०१७ पासून बंद मतांची गणिती सरमिसळही करतात, आणि मग समितीचे सभासद आपापले किल्लीचे तुकडे एकत्र आणून मते उघडतात. बंद संदेश असे पिसून त्यांचा मूळ धनी हरवून टाकण्याची कल्पना डेव्हिड चॉम या अमेरिकन गणितज्ञाने १९८१ साली मांडली होती आणि निवडणुकीसाठी ती वापरता येईल हेही तेव्हाच सांगितले होते.

राहिला आडोसा. घरात आडोसा कोण देणार? नवऱ्याने बायकोच्या खांद्यावरून पाहिले, मालकाने कामगारांना एका खोलीत बसवून मत द्यायला लावले, तर? एस्टोनियाने यावर काढलेला तोडगा असा की मत कितीही वेळा देता यावे आणि शेवटचे तेवढे धरावे. केंद्रावर जाऊन कागदावर मत दिले, तर इंटरनेटवरचे आपोआप रद्द व्हावे. म्हणजे दबावाखाली दिलेले मत रात्री गुपचूप बदलता येईल, आणि म्हणून मत विकत घेणाऱ्यालाही आपल्याला माल मिळाला की नाही याची खात्री राहणार नाही. यावर राष्ट्राध्यक्ष आर्नोल्ड र्‍युटेल यांनी हरकत घेतली. संगणकवाल्याला मत बदलता येते आणि कागदवाल्याला येत नाही, मग समानता कुठे राहिली? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ सप्टेंबर २००५ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, मत बदलण्याची ही मुभा म्हणजे विशेष सवलत नव्हे, तर ती मतदाराच्या स्वातंत्र्याचे रक्षण करते. पुढच्याच महिन्यात स्थानिक निवडणुका झाल्या. त्यांत ९,३१७ मतदारांनी इंटरनेटवरून मत दिले. मतदान करणाऱ्यांत हे प्रमाण दोन टक्क्यांहूनही कमी होते. मार्च २००७ मध्ये संसदेच्या निवडणुकीत ही संख्या तीस हजारांवर गेली. देशाच्या संसदेसाठी इंटरनेटवरून मतदान होण्याची जगातली ती पहिली वेळ.

त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत घाव बसला. एप्रिल २००७ च्या अखेरीस टॅलिनमधला सोव्हिएत सैनिकाचा ब्राँझचा पुतळा सरकारने शहराच्या मध्यभागातून लष्करी दफनभूमीत हलवला. त्यावरून दंगल झाली आणि पाठोपाठ देशातली मंत्रालये, वर्तमानपत्रे व बँका यांच्या संगणकांवर जगभरातून खोट्या मागण्यांचा मारा सुरू झाला. तो कित्येक आठवडे अधूनमधून चालू होता. यात काही चोरीला गेले नाही. दारात इतकी गर्दी केली की खऱ्या गिऱ्हाइकाला आत शिरता येईना. मतदानाच्या दिवशी असे झाले तर? एस्टोनियात इंटरनेटवरचे मतदान मुख्य मतदानाच्या रविवारी कधीच ठेवले जात नाही. ते आधीच्या दिवसांत उरकते. संगणक कोसळलाच, तर रविवारी कागद आणि पेटी आहेच. अशी मागची वाट मोकळी ठेवणे मला फार शहाणपणाचे वाटते.

पण खरी परीक्षा दहा वर्षांनी झाली, आणि ती गणिताची होती. शिक्षकांना ती वर्गात सांगता येईल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओळखपत्रावरच्या डिजिटल सहीमागे एक साधी गोष्ट आहे. दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे अवघड. ९१ म्हणजे ७ गुणिले १३ हे पोरही सांगेल. पण संख्या सहाशे आकड्यांची असेल, तर जगातले सगळे संगणक कामाला लावूनही ते जमत नाही. गुणाकार ही जाहीर किल्ली आणि त्या दोन मूळ संख्या म्हणजे खाजगी किल्ली, असे मानायला हरकत नाही. किल्ली तयार करताना चिपला तीनशे-तीनशे आकड्यांच्या दोन मूळ संख्या 'आंधळेपणाने' निवडायच्या असतात. ओळखपत्रातली चिप फार मंद असते आणि अशी संख्या शोधायला तिला वेळ लागतो. म्हणून एका जर्मन कंपनीच्या चिपमध्ये एक आडवाट वापरली होती.

ती आडवाट लहान संख्यांवर पाहू. पहिल्या चार मूळ संख्या २, ३, ५, ७. यांचा गुणाकार २१०. कोणत्याही मोठ्या मूळ संख्येला २१० ने भागले, तर बाकी २१० शी सहमूळ असलीच पाहिजे. अशा बाक्या ४८ आहेत. चिपने पूर्ण मोकळेपणाने निवड केली असती, तर या ४८ पैकी कोणतीही बाकी आली असती. पण या चिपने बाकी नेहमी ६५,५३७ या एकाच संख्येच्या घातांमधून घेतली. ६५,५३७ ला २१० ने भागले की १७ उरतात. १७ चे घात घेत जा आणि प्रत्येक वेळी २१० ने भागून बाकी लिहा: १७, ७९, ८३, १५१, ४७, १६९, १४३, १२१, १६७, १०९, १७३, १. पुढे पुन्हा १७. म्हणजे ४८ पैकी फक्त १२ बाक्या शक्य! शिवाय अशा दोन संख्यांचा गुणाकार केला, तरी त्याची बाकी याच बारांपैकी एक येते, कारण १७ च्या एका घाताला दुसऱ्या घाताने गुणले की १७ चाच घात मिळतो. म्हणून नुसत्या जाहीर किल्लीला २१० ने भागूनही संशय घेता येतो. मुलांना हा तक्ता स्वतः करायला द्यावा.

प्रत्यक्ष चिपमध्ये चार नव्हे, तर २ पासून ७०१ पर्यंतच्या १२६ मूळ संख्यांचा गुणाकार वापरला होता. तिथे शक्य बाक्यांचे प्रमाण इतके घटते की किल्ली पाहताक्षणी ती या चिपची आहे हे ओळखता येते. आणि निवड इतकी आकसल्यामुळे ती फोडताही येते. चेक प्रजासत्ताकातल्या बर्नो येथील मसारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी हे शोधून काढले. एस्टोनियाच्या ओळखपत्रातल्या आकाराची एक किल्ली फोडायला एका प्रोसेसरला जास्तीत जास्त सुमारे १४० वर्षे लागतील, असा त्यांचा अंदाज होता. ही मुदत ऐकून निश्चिंत होण्याचे कारण नाही. चौदाशे प्रोसेसर भाड्याने घेतले, तर हे काम पाच-सहा आठवड्यांचे आहे.

एस्टोनियाला ही बातमी ३० ऑगस्ट २०१७ रोजी मिळाली. सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांत ती चिप होती. आणि ५ ऑक्टोबरपासून स्थानिक निवडणुकांचे इंटरनेटवरचे मतदान सुरू व्हायचे होते. सरकारपुढे तीन वाटा होत्या. ओळखपत्रे ताबडतोब बंद केली असती, तर डॉक्टरांची औषधचिठ्ठी, बँक, कर सगळेच अडले असते. बातमी दडपली असती आणि पुढे फुटली असती, तर कोणाचाच विश्वास उरला नसता. तिसरी वाट म्हणजे लोकांना सांगून पुढे जाणे. पंतप्रधान य्युरी रातास यांनी ५ सप्टेंबरला ही त्रुटी जाहीर केली. जाहीर किल्ल्यांची सूची सर्वांना खुली होती, ती बंद करण्यात आली. निवडणूक समितीने मतदान ठरल्याप्रमाणे घ्यायचे ठरवले. तिचे म्हणणे असे की, निकाल फिरवायला हजारो किल्ल्या फोडाव्या लागतील आणि तेवढा पैसा व वेळ कोणाकडे नाही. निवडणूक १५ ऑक्टोबरला पार पडली. त्याच्या दुसऱ्याच दिवशी बर्नोच्या संशोधकांनी आपला शोध जगापुढे ठेवला. ३ नोव्हेंबरच्या मध्यरात्री सरकारने दुबळ्या किल्ल्या स्थगित केल्या आणि लोकांनी नव्या, वेगळ्या गणितावरच्या किल्ल्या चिपमध्ये भरून घेतल्या. पुष्कळांनी हे काम घरूनच केले.

समितीचा युक्तिवाद हिशेबाला धरून होता. पण त्यात एक भोक आहेच. हजार मते फिरवायला हजार किल्ल्या लागतात हे खरे, परंतु निवडणुकीवरचा भरवसा घालवायला एकच फोडलेली किल्ली पुरते. एखाद्याने दुसऱ्याच्या नावाने एक मत टाकून दाखवले असते, तर बाकीची सारी खरी होती हे समितीने कशाच्या जोरावर पटवून दिले असते?

या प्रश्नापाशीच बाकीचे देश अडखळले. हॉलंडमध्ये मते इंटरनेटवर नव्हे, तर केंद्रावरच्या यंत्रांत नोंदवली जात आणि ती पद्धत अंगवळणी पडलेली होती. २००६ साली रॉप खोंगग्रेप आणि त्यांच्या सोबत्यांनी ती यंत्रे उघडून पाहिली. हे निव्वळ मतदानाचे यंत्र आहे, ते बुद्धिबळ खेळून दाखवील काय, असा निर्मात्यांच्या बाजूचा सूर होता. या मंडळींनी त्याच यंत्राला बुद्धिबळ खेळायला लावले. दुसरी गोष्ट याहून नवलाची. यंत्राच्या पडद्यातून अगदी क्षीण रेडिओलहरी बाहेर पडत. एका मोठ्या पक्षाच्या नावात डच लेखनाप्रमाणे एका स्वरावर आघातचिन्ह होते. ते अक्षर पडद्यावर आले की लहरींची वारंवारता बदले, आणि जवळपास बसलेल्या माणसाला साध्या रेडिओवर कळे की आत कोणाला मत पडते आहे. एका मात्रेएवढ्या चिन्हाने गुप्तता गेली! २००८ साली हॉलंड कागदावर आणि लाल पेन्सिलीवर परतले.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनने २०१० साली परदेशस्थ मतदारांसाठी इंटरनेटवरची व्यवस्था तयार केली आणि, हे कौतुकास्पदच, खऱ्या निवडणुकीआधी ती कोणीही फोडून पाहावी असे जाहीर आवाहन केले. मिशिगन विद्यापीठातले ॲलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी अठ्ठेचाळीस तासांच्या आत आत शिरले आणि त्यांनी पडलेली सर्व चाचणी-मते बदलली. जाताना त्यांनी आभाराच्या पानावर आपल्या विद्यापीठाचे गाणे लावून ठेवले. तरी अधिकाऱ्यांना पत्ता लागायला कामकाजाचे दोन दिवस गेले, आणि तोही लोक त्या गाण्याबद्दल विचारू लागले म्हणून. आत असताना या मुलांना असेही दिसले की इराण, भारत, चीन इथल्या संगणकांवरूनही कोणीतरी दाराची कडी हलवून पाहते आहे. ती व्यवस्था खऱ्या मतदानासाठी वापरली गेली नाही. नॉर्वेने २०११ आणि २०१३ मध्ये काही नगरपालिकांत प्रयोग केला आणि २०१४ साली थांबवला. स्वित्झर्लंडमध्ये २०१९ साली संशोधकांना सरमिसळीच्या गणिती सिद्धतेतच खोट सापडली. ते काम चार वर्षे थांबले आणि २०२३ मध्ये तीन प्रांतांत मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाले.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो तो जर्मनीच्या घटना-न्यायालयाचा ३ मार्च २००९ चा निकाल. तिथे यंत्रात कोणी गडबड केल्याचे सिद्ध झाले नव्हते. तरीही न्यायालयाने म्हटले की, निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या सामान्य नागरिकाला स्वतः तपासता आले पाहिजेत. ते येत नसतील, तर अशी यंत्रे वापरणे घटनेला धरून नाही. आम्हा विज्ञानवाल्यांना हे प्रथम खटकते. सरमिसळीची सिद्धता बिनचूक असेल आणि दहा तज्ज्ञांनी ती पडताळली असेल, तर आणखी काय हवे? विमानात बसताना आपण कुठे वायुगतिशास्त्र तपासतो? पण विमान पडले तर सर्वांना दिसते. निवडणूक बिघडली तर ती बाहेरून धडधाकटच दिसते. शिवाय विमान तुम्ही हरावे अशी कोणाची इच्छा नसते. निवडणुकीत निम्म्या लोकांची तशीच इच्छा असते आणि हरलेल्यालाच निकाल पटवून द्यायचा असतो. म्हणून माझे मत जर्मन न्यायालयाच्या बाजूला झुकते.

एस्टोनियालाही हा प्रश्न सुटलेला नाही. २०११ साली एका विद्यार्थ्याने दाखवून दिले की, मतदाराच्या घरच्या संगणकात शिरलेली दुष्ट आज्ञावली त्याचे मत त्याला नकळत अडवू शकते. त्यावर २०१३ पासून नवी सोय आली. मत दिल्यावर पडद्यावर चौकटीचे चित्र येते, ते फोनने टिपले की आपले मत समितीच्या संगणकावर कसे पोचले ते थोडा वेळ पाहता येते. म्हणजे पावती आली, पण थोड्या वेळाची. तीही पुन्हा मत देण्याच्या मुभेमुळे विकायला निरुपयोगी. त्याच वर्षी मत स्वीकारणाऱ्या संगणकाची आज्ञावली सर्वांना वाचायला खुली झाली. हाल्डरमन यांच्या चमूने ती निवडणूक पाहून २०१४ मध्ये कडक टीका केली, ती अधिकाऱ्यांनी मानली नाही. मार्च २०२३ च्या संसद निवडणुकीत इंटरनेटवरची मते प्रथमच निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के झाली. त्या रात्री आधी कागदी मते मोजली गेली, तेव्हा एक पक्ष पुढे होता. इंटरनेटवरची मते मिळवताच तो मागे पडला. त्या पक्षाने निकालाला आव्हान दिले आणि न्यायालयाने ते फेटाळले. निकाल कायम राहिला, शंकाही राहिली.

आपल्याकडच्या मतदान यंत्राचा इतिहास आता फार ओळखीचा आहे, म्हणून त्यातल्या दोनच गोष्टी. केरळात परूर मतदारसंघात १९८२ साली पन्नास केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरली गेली. १२३ मतांनी लागलेला तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रद्द केला. यंत्र बिघडले होते म्हणून नव्हे, तर कायद्यात यंत्राला जागाच नव्हती म्हणून. फेरमतदानात हरलेला उमेदवार निवडून आला! कायदा १९८८ च्या दुरुस्तीने बदलला आणि पुढे १९९९ साली गोवा विधानसभेची निवडणूक संपूर्णपणे यंत्रांवर झाली. दुसरी गोष्ट कागदी चिठ्ठीची. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यंत्राला कागदी पुरावा जोडण्यास सांगितले. तेव्हापासून बटण दाबले की काचेआड सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि बंद पेटीत पडते. मतदाराने ती पाहायची, पण हातात घ्यायची नाही. एस्टोनियाच्या फोनवरच्या पावतीची ही आपल्याकडची भावंडच म्हणायची, फक्त ही कागदाची आहे आणि मागाहून मोजता येते. किती चिठ्ठ्या मोजाव्यात यावर वाद झाले. शंभर टक्के मोजण्याची मागणी न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अमान्य केली.

इंटरनेटचा उपयोग आपल्या निवडणूक आयोगाने मात्र एका ठिकाणी केला आहे. सीमेवरच्या जवानाला टपालाने मतपत्रिका पाठवली, तर ती कित्येकदा मतमोजणी संपल्यावर परत येई. २०१६ साली पुद्दुचेरीत नेल्लितोप्पु येथील पोटनिवडणुकीपासून ही मतपत्रिका कुलूपबंद करून इंटरनेटवरून पाठवली जाऊ लागली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे अठरा लाख सेवा-मतदारांची अशी नोंद होती. जवान ती फाईल संकेतशब्दाने उघडतो, छापतो, त्यावर खूण करतो, आतल्या पाकिटात घालतो, बाहेरच्या पाकिटात घोषणापत्र जोडतो आणि साध्या टपालाने परत पाठवतो. मोजणीच्या सकाळी पाकिटावरची चौकटीची खूण यंत्राने वाचून ते एकदाच आले आहे ना हे पाहतात, आणि मग आतले पाकीट उघडतात.